कोरड्या मुलखातला गंज

सोलापूर मागे टाकून धाराशिव जिल्ह्यात शिरलं की तामलवाडीचा टोलनाका येतो. राष्ट्रीय महामार्ग 52; जुनी माणसं अजून 211 म्हणतात. रस्ता चौपदरी, बऱ्यापैकी सपाट, ॲक्सिलरेटरवरचा पाय आपोआप जड होईल असा. पुढे तुळजापूरच्या अलीकडे बालाघाटाची चढण सुरू होते. पेट्रोल गाडीच्या इग्निशन कॉइलमध्ये काही कच्चं असेल, तर हा रस्ता ते नेमकं उघडं पाडतो. सपाटीवर मजेत पळणारी गाडी घाटात दाबली की झटके खायला लागते, आवाज फुटका होतो, पिकअप जातो आणि मीटरमध्ये इंजिनाचं पिवळं चित्र लुकलुकतं. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’.

मग निदानांची रांग लागते. चहाच्या टपरीवरचा म्हणतो, पेट्रोलमध्ये पाणी आहे. मेव्हणा फोनवर सांगतो, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) गेला. गाडी दोन सीटची, खाली बसकी, स्पोर्ट्स कार असेल तर चार लोक हमखास म्हणतात की असल्या गाड्या आपल्या रस्त्यांसाठी नाहीतच. जेमतेम वीतभर लांबीच्या कॉइलकडे, आणि ती ज्या खळग्यात बसते त्या खळग्याकडे, नजर सगळ्यात शेवटी जाते. तोवर इंजेक्टर धुऊन झालेले असतात, टाकी उतरवलेली असते, आणि खिशातून बरेच पैसे गेलेले असतात. हे टाळता येतं. त्यासाठी आधी कॉइल काय करते ते थोडक्यात.

लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेल्या तांब्याच्या दोन तारा म्हणजे कॉइल. जाड तारेचे काहीशे वेढे, बारीक तारेचे हजारो. 12 व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह जाड तारेतून दोन-चार मिलिसेकंद वाहू द्यायचा आणि एकदम तोडायचा. तो तुटताना बारीक तारेत वीस ते चाळीस हजार व्होल्ट तयार होतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. हे किती वेळा? इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्या मारत असेल, तर एकेका सिलिंडरला सेकंदाला सुमारे 58 वेळा. सिलिंडरमध्ये हवा जितकी जास्त दाबली जाते, तितकं ठिणगी उडायला व्होल्टेजही जास्त लागतं. घाटात पाय दाबला, टर्बो भरला, की मागणी वाढते. कॉइल धडधाकट असेल तर ती पुरवते. संपर्कात गंज असेल तर तीच वीज दुसरी सोपी वाट शोधते आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडत नाही.

गैरसमज: गंज हा कोकणातला रोग; आपल्या कोरड्या हवेत कॉइल कशाला गंजेल?

हा सगळ्यात पक्का बसलेला समज आहे आणि सगळ्यात महागात पडणाराही. तुळजापूर तालुका पर्जन्यछायेतला, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. बॉडीचा पत्रा इथे रत्नागिरीपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, हे खरं. पण कॉइलला गंजायला समुद्र लागत नाही. चमचाभर पाणी पुरतं. फक्त त्याला बाहेर पडायला वाट नसावी.

आणि वाट नसतेच. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत प्लग इंजिनाच्या डोक्यावर खोल, अरुंद खळग्यात बसवलेला असतो आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल उभी खोचलेली असते. खळग्याचं तोंड कॉइलच्या वरच्या रबरी कड्याने बंद होतं. सोलापूर-धाराशिवच्या उन्हाळ्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो. बॉनेटखालची धग त्याहून कितीतरी जास्त. चार-सहा उन्हाळे काढले की ते कडं कडक होतं, आकसतं, तडकतं. मग एक दिवस गाडी हायवेवरच्या वॉशिंग सेंटरला जाते. इंजिन तापलेलं असतं आणि पोऱ्या मोठ्या प्रेमाने बॉनेट उघडून प्रेशरचा पाइप थेट इंजिनाच्या डोक्यावर धरतो. खळग्यातली तापलेली हवा गार पाण्याने आकसते आणि तडकलेल्या कड्यातून पाणी आत ओढून घेते.

आता ते पाणी कुठलं, याकडे बघा. इथली बहुतेक वॉशिंग सेंटरं बोअरच्या पाण्यावर चालतात. ते पाणी जड. बादलीच्या काठावर, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ते सगळ्यांनी पाहिलंय. शुद्ध पाणी विजेचं फारसं वहन करत नाही. क्षार असलेलं पाणी करतं. पाणी आटतं, क्षार तिथेच राहतात. पुढच्या धुण्याला आणखी पाणी, आणखी क्षार. त्यात शाम्पूची भर. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा बारीक फटीत जास्त सहज शिरतं. म्हणजे वर्षातून थोडेच दिवस पाऊस पाहणारी गाडी खळग्यात मात्र बारा महिने खारं पाणी साठवत असते. कोकणातल्या गाडीच्या मालकाला गंजाची धास्ती असते म्हणून तो निदान बघतो तरी. आपल्याकडे कोणी बघतच नाही.

अशी एक कॉइल उपसून हातात घ्या. बाहेर येतानाच ती चिकटून येते, थोडी हिसकावी लागते. खालच्या रबरी नळीच्या टोकाला पांढरट पूड असते. ती ॲल्युमिनियमच्या हेडची. नळीत एक बारीक स्प्रिंग असते, कॉइलपासून प्लगच्या टोकापर्यंत वीज पोहोचवणारी. ती तांबूस झालेली असते, बोट लावलं की गंज बोटाला येतो. प्लगचं वरचं टोक काळं, खड्डे पडलेलं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून खालपर्यंत उतरलेली एक बारीक करडी रेघ नीट उजेडात धरली तरच दिसते. हीच चोरवाट. गंजलेल्या स्प्रिंगचा संपर्क तुटक झाला की वीज आधी तिथेच उडी मारते. त्या सततच्या ठिणगीने ओझोन तयार होतो, ओझोन रबर खातो, रबराला चीर पडते, आणि मग वीज प्लगच्या फटीऐवजी चिरेतून शेजारच्या हेडकडे पळते. सपाटीवर सिलिंडरमधला दाब कमी असतो, त्यामुळे प्लगची फट अजून सोपी वाट असते. घाटात दाब वाढतो आणि चीर सोपी ठरते. तामलवाडीला ठीक असलेली गाडी घाटात का बिघडते, त्याचं उत्तर या एका रेघेत आहे.

कॉइलच्या वरच्या बाजूचा, वायरी जोडणारा कपलरही काढून बघा. पिना हिरव्या दिसल्या तर तो तांब्याचा गंज. कमी व्होल्टेजच्या या बाजूला वाटतं तेवढी मोकळीक नसते. जाड तारेचा स्वतःचा रोध जेमतेम अर्धा-एक ओहम असतो. हिरव्या पिनेने त्यात तेवढीच भर घातली तर मिळालेल्या दोन-चार मिलिसेकंदांत कॉइल पुरती भरत नाही आणि ठिणगी फिकी पडते. पिना हिरव्या नसून काळसर असतील, तर तो सततच्या थरथरीचा परिणाम: कल्हई घासून निघते आणि तिथे ऑक्साइडची पूड जमते. ही झीज तर पाण्याच्या थेंबाशिवायही होते.

पाणी फक्त धुण्यानेच शिरतं असंही नाही. काचेखाली, वायपरच्या मुळाशी जी प्लास्टिकची जाळी असते, तिच्या खालच्या मोऱ्या कडुलिंबाच्या झाडाखाली लावलेल्या गाडीत पानांनी आणि काड्यांनी तुंबतात. मग सप्टेंबरच्या एका मोठ्या पावसात तिथलं पाणी मागच्या बाजूने इंजिनावर ठिबकतं. गाडी उभी असते तेव्हाच हे घडतं, त्यामुळे सकाळी सुरू करताना मिसिंग आणि दहा मिनिटांनी सगळं ठीक, असा प्रकार दिसतो. तो दिसला की पाण्याचाच संशय धरावा.

गैरसमज: पेट्रोल खराब आहे, नाहीतर इथेनॉलचा परिणाम आहे.

भेसळीचा अनुभव लोकांना आहे आणि देशभर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून प्रत्येक झटक्याचं खापर त्यावर फुटतं. सोलापूर-धाराशिव हा साखर कारखान्यांचा पट्टा, इथेनॉलची चर्चा इथे घराघरात. पेट्रोलमुळे मिसिंग होऊच शकत नाही असं मी म्हणणार नाही. इथेनॉल पाणी धरतं. ते प्रमाणाबाहेर शिरलं तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि मग इंजिन नीट चालत नाही. पण एका विहिरीवर चार घरं पाणी भरत असतील आणि आजारी एकच घर पडलं असेल, तर दोष विहिरीत शोधायचा नसतो. चारही सिलिंडर एकाच टाकीतलं पेट्रोल पितात. गॅरेजमधला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर सतत एकच सिलिंडर दाखवत असेल, तर कारण त्याच सिलिंडरपाशी आहे: कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. सगळे सिलिंडर एकदम अडखळत असतील आणि ते नेमकं टाकी भरल्यानंतर सुरू झालं असेल, तर पेट्रोलवर संशय घ्यायला आधार आहे. एवढा एक प्रश्न विचारला तर निम्म्या टाक्या उतरवाव्या लागणार नाहीत.

गैरसमज: स्पोर्ट्स कारचं सगळंच वेगळं, असल्या महागड्या गाडीची कॉइल गंजत नाही, आणि गंजली तर मुंबई-पुण्याशिवाय इलाज नाही.

मराठवाड्यात महागड्या गाड्या नाहीत हा समज तर 2010 च्या ऑक्टोबरातच मोडीत निघाला. तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एकत्र येऊन 150 मर्सिडीज एका दमात घेतल्या होत्या, सुमारे 65 कोटी रुपयांच्या. त्या शहरातून याच महामार्गाने सरळ खाली आलं की तामलवाडी. अशा गाड्या इथून जाणार, तुळजापूरला दर्शनाला थांबणार, आणि अधूनमधून बिघडणारही.

कॉइलच्या बाबतीत स्पोर्ट्स कार उलट जास्त नाजूक जागी असते. पोर्शेचंच उदाहरण घ्या. 1996 ची बॉक्सटर आणि तिच्या पाठोपाठ आलेली पाण्याने गार होणारी 911, दोन्हींत सहा सिलिंडर आडवे झोपवलेले. त्यामुळे कॉइल वर न बसता इंजिनाच्या दोन्ही कडांना, खालच्या अंगाला बसतात. एकीकडून एक्झॉस्टची धग, दुसरीकडून चाकांनी उडवलेलं पाणी आणि चिखल. प्लास्टिकला तडे जातात, तड्यात ओल शिरते, आणि दमट सकाळी गाडी थरथरते. या गाड्यांच्या मालकांना ही तक्रार जगभर ठाऊक आहे. इंजिन सीटच्या मागे असलेल्या गाड्यांत वेगळी अडचण. तिथली उष्णता बाहेर पडावी म्हणून झाकणाला जाळ्या ठेवलेल्या असतात. पाऊस आणि वॉशिंगचा फवारा त्यातूनच आत जातो. वर अशा गाड्या महिना-महिना कव्हरखाली उभ्या असतात. रोज तापणारं इंजिन आपली ओल आपण वाळवतं. उभ्या गाडीत ती तशीच राहते.

महाग म्हणजे निर्दोष, हेही खरं नाही. 2003 च्या सुरुवातीला फोक्सवॅगन आणि ऑडीला अमेरिकेत लाखो गाड्यांच्या कॉइल स्वखर्चाने बदलून द्याव्या लागल्या. तिथे गंजाचा प्रश्न नव्हता, कॉइलच कच्च्या निघाल्या होत्या.

इलाजासाठी मुंबई-पुणं गाठायलाच हवं असंही नाही. दिलीप छाब्रियांची ‘अवंती’ 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत लोकांसमोर आली, भारतीय स्पोर्ट्स कार म्हणून तिचं केवढं कौतुक झालं. तिचं दोन लिटरचं टर्बो इंजिन रेनॉचं होतं, त्या कंपनीच्या घरगुती गाड्यांच्या इंजिनांच्याच कुळातलं. कॉइलचं तत्त्व हॅचबॅकमध्ये जे, तेच तिथे. झाकणं काढायला वेळ लागतो, जागा अडचणीची असते, भाग मागवावा लागतो; पण ज्याला मारुतीची कॉइल नीट तपासता येते त्याला हीही तपासता येते.

फायबर बॉडीच्या गाडीबद्दल एक जोडसमज आहे: फायबरला गंज नाही, म्हणजे गाडीला गंज नाही. ‘सॅन स्टॉर्म’ ही छोटी उघडी टू-सीटर काहींना आठवत असेल, तीही फायबरचीच होती. पत्र्याच्या गाडीत वीज परतीचा प्रवास बॉडीतून करते. फायबर वीज वाहत नाही, म्हणून अशा गाडीत परतीचा सगळा भार चेसिसवर आणि अर्थच्या वायरींवर. ती अर्थ वायर जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे गंज चढला, की कॉइल नवी असूनही मिसिंग होतं. फायबरच्या गाडीत सर्वांत आधी अर्थ बघावी, मग कॉइल.

गैरसमज: पूर्वीच्या गाड्यांना असला त्रास नव्हता.

होता, आणि रोजचा होता. फरक एवढाच की तो दिसायचा. वालचंद हिराचंद सोलापूरचे. त्यांनी 1944 साली उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट, पुढची पद्मिनी, हिच्यात चार सिलिंडरांना मिळून एकच कॉइल असायची, बॉनेट उघडताच दिसणारी. तिथून डिस्ट्रिब्युटर, त्यात पॉइंट आणि कंडेन्सर, आणि चार जाड वायरी. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली की गाडी बंद. ड्रायव्हर टोपी काढायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा आणि निघायचा. त्या पिढीला गंज आणि ओल कुठे शोधायची हे हाताला माहीत होतं. आजची कॉइल प्लास्टिकच्या झाकणाखाली, खळग्यात लपलेली. ज्ञान गेलं ते दिसेनासं झाल्यामुळे.

शिवाय मधली कित्येक वर्षं ग्रामीण भागात डिझेलचा जमाना होता. डिझेलला ठिणगीच लागत नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. त्यामुळे डिझेलवर हात बसलेले उत्तम मिस्त्री कॉइलपासून दूर राहिले. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झालं, मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, आणि पेट्रोल-सीएनजी गाड्या गावोगाव आल्या. आता कॉइल ओळखणाऱ्या मिस्त्रीची गरज प्रत्येक तालुक्याला आहे.

गैरसमज: स्कॅनरने सिलिंडर नंबर दोन सांगितला, म्हणजे दोन नंबरची कॉइल गेली.

2013 पासून आपल्याकडच्या गाड्यांत मिसफायर ओळखणारी यंत्रणा आली. ती ठिणगी मोजत नाही. क्रँकशाफ्टचा वेग क्षणोक्षणी मोजते. एखाद्या सिलिंडरच्या पाळीला वेग किंचित कमी पडला, की त्याच्या नावावर मिसफायर लिहिते. म्हणजे पी0302 या कोडचा अर्थ फक्त एवढाच की दोन नंबरने जोर लावला नाही. का लावला नाही, हे त्याला माहीत नसतं. पी0352 सारखा कोड आला तर गोष्ट वेगळी. तो दोन नंबरच्या कॉइलच्या विद्युत मंडलाबद्दलच बोलतो, पण त्यातही कॉइल की कपलर की वायर हे ठरायचं असतंच.

ठरवायची रीत सोपी आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. इंजिन थंड होऊ द्या. दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर बसवा, तीनची दोनवर. कोड पुसा. गाडी घाटासारख्या चढावर चालवा. आता कोड तीन नंबरचा आला तर कॉइल दोषी. दोन नंबरवरच राहिला तर कॉइल निर्दोष. प्लग, कपलर, इंजेक्टर, कॉम्प्रेशन याच क्रमाने बघत जा. हे न करता थेट कॉइल विकणाऱ्या गॅरेजात मी तरी गाडी सोडणार नाही. मल्टिमीटरच्या दोन टोकांवरही फार विसंबू नये. कितीतरी कॉइलच्या आतच ट्रान्झिस्टर आणि डायोड असतात, तिथे ओहमचा आकडा काहीच सांगत नाही. आणि रबराची चीर तर मीटरला कधीच दिसत नाही.

गैरसमज: पेट्रोलवर नीट चालते, सीएनजीवर झटके देते, म्हणजे किट खराब.

सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. दुबळी कॉइल किंवा झिजून फट वाढलेला प्लग पेट्रोलवर कसाबसा निभावतो आणि सीएनजीवर उघडा पडतो. किट खोलण्याआधी प्लग बघावेत. प्लगची फट झिजून वाढत जाते, वाढत्या फटीला जास्त व्होल्टेज लागतं, आणि ते पुरवता पुरवता कॉइल मरते. कित्येक कॉइलचा खून प्लगने केलेला असतो.

प्लग काढल्यावर त्याच्या चिनी मातीवर, धातूच्या कडेला लागून, तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नये. गॅस लीक होतोय असं सांगून लोकांना हेडपर्यंत नेलं जातं. उच्च व्होल्टेजमुळे आसपासच्या हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, त्याचा तो डाग. त्याने काही बिघडत नाही. खळग्यात खरोखरचं तेल साचलं असेल तर मात्र रॉकर कव्हरचं पॅकिंग गेलंय. तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं. पॅकिंग न बदलता कॉइल बदलणं म्हणजे नवी कॉइल वाया घालवणं.

गैरसमज: स्प्रे मारला, टेप गुंडाळली, झालं काम.

ओल हटवणाऱ्या स्प्रेने गाडी तात्पुरती सुरू होते, हे खरं. रात्री रस्त्यात अडकलात तर जरूर मारा. पण क्षार आणि गंज त्याने जात नाहीत. टेप तर चाळीस हजार व्होल्टला अडवूच शकत नाही. इंजिन चमकावं म्हणून डिझेल फवारण्याची पद्धत याहून वाईट. डिझेलने रबर खराब होतं आणि त्या ओशट थरावर धूळ बसून ओल धरते. सिलिकॉन ग्रीस उपयोगी आहे, पण ते रबरी नळीच्या आतल्या कडेला, बोटाने पुसटसं लावायचं. स्प्रिंगला थापायचं नाही, कारण ते वीज वाहत नाही.

जुन्या पद्धतीने प्लग बॉडीला टेकवून ठिणगी बघणं, किंवा चालू इंजिनावर एकेक कॉइल उपटून कुठली बंद पडते ते पाहणं, आता सोडायला हवं. वाट न मिळालेली वीज कॉइलच्या आतलंच इन्सुलेशन फोडते, कधी ईसीएमपर्यंत जाते, आणि हाताला बसणारा झटकाही थट्टेचा नसतो.

गैरसमज: एक सिलिंडर बंद असला म्हणून काय, तीनवर घरी पोहोचू.

पोहोचाल कदाचित. पण बंद सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल आणि हवा एक्झॉस्टमध्ये जाते आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असलेली बारीक जाळी असते. ती इतकी तापते की वितळून बसते. काही हजारांच्या कॉइलपायी मग कितीतरी पट महागडा भाग जातो. मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर पेटलेला असेल तर सावकाश, दाब न देता गॅरेज गाठावं. दिवा लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावं आणि महामार्गाच्या 1033 या क्रमांकावर मदत मागावी. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला लाखो लोक पायी निघतात, वाहतूक वळवलेली असते. त्या गर्दीच्या दिवसांत तर अर्धवट गाडी घेऊन घाटात शिरणं इतरांच्याही जिवाशी खेळ आहे.

गैरसमज: नवी कॉइल बसवली की प्रश्न मिटला.

खळगा ओला, कपलर हिरवा आणि प्लग जुनाच असेल, तर नवी कॉइल येत्या पावसाळ्यात पुन्हा हातात येईल. कामाचा क्रम असा असायला हवा. कॉइल उपसण्याआधी तिच्या भोवतीची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवा, नाहीतर ती खळग्यातून थेट सिलिंडरमध्ये पडेल. कॉइल निघाल्यावर खळगा वाळवा, आणि मगच प्लग सोडा. बॅटरीची निगेटिव्ह काढून कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करा. पीन सैल असेल तर कपलर बदला. वायरीचा हिरवा भाग थोडा कापून भागत नाही, चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे जावं लागतं, कारण गंज इन्सुलेशनच्या आतून सरकलेला असतो. प्रत्येक वायरीवरचं छोटं रबरी सील परत बसवलंय का ते स्वतः पाहा. घाईत सर्रास वगळलं जातं ते हेच. प्लग कंपनीने सांगितलेल्या फटीचे आणि सांगितलेल्या जोरानेच आवळलेले हवेत, ॲल्युमिनियमचे आटे अंदाजपंचे आवळलेले सहन करत नाहीत. ड्युप्लिकेट कॉइल अर्ध्या किमतीत मिळते. तिच्यावर पैसे घालू नका.

एक कॉइल गेली म्हणून चारही बदला, असा आग्रह कोणी धरला तर उरलेल्या तीन उपसून दाखवायला सांगा. स्प्रिंगा चकचकीत आणि रबर लवचीक असेल तर त्या तशाच राहू द्या. तिन्हींना तांबूस पूड असेल तर तो आग्रह रास्त आहे. जुनी कॉइल मात्र मागून घ्या आणि डिकीत ठेवा. पुढच्या वेळी गाडी धुवायला द्याल तेव्हा वॉशिंगवाल्या पोराच्या हातात ती द्या, स्प्रिंग बोटाने चोळून बघायला सांगा, आणि मग इंजिनावर फक्त ओलं फडकं फिरवायला सांगा.